मानाचा बिल्ला नको, कामाचे दाम द्या!

पुणे, बंगळुरू किंवा हैदराबाद. रविवारची सकाळ. एखाद्या बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या काचेच्या इमारतीत दीड-दोनशे तरुण-तरुणी जमलेले असतात. प्रवेश मोफत, चहा-नाश्ता मोफत, दुपारचा पिझ्झाही मोफत. जाताना कंपनीचे नाव छापलेला टी-शर्ट आणि लॅपटॉपवर चिकटवायला चार स्टिकर. दिवसभर इंग्रजीतून भाषणे होतात. आमचे नवे तंत्रज्ञान कसे वापरावे, त्यावर प्रोग्राम कसे लिहावेत, हे सांगितले जाते. शेवटी व्यासपीठावरचा अधिकारी म्हणतो, तुम्ही आमचे ग्राहक नाही, तुम्ही आमची कम्युनिटी आहात. टाळ्या पडतात.

कम्युनिटी म्हणजे समाज. हा शब्द आपल्याला नवा नाही. समाज म्हटला की आपल्याला वर्गणी आठवते, विहार आठवते, मोर्चा आठवतो, एकाच्या घरी दुःख झाले तर धावून येणारी सगळी वस्ती आठवते. मग नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला समाज कशासाठी हवा? ती त्याला काय देते आणि त्याच्याकडून काय घेते? आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या समाजात आपली मुले कुठे आहेत? या तीन प्रश्नांचा हिशेब आज मांडायचा आहे.

आधी व्यवहार समजून घेऊ. मायक्रोसॉफ्टने विंडोज बनवली. परंतु नुसती विंडोज कोण विकत घेणार? तिच्यावर दुकानाचा हिशेब होतो, दवाखान्याची नोंद होते, वर्तमानपत्राचे पान लागते, म्हणून लोक ती घेतात. हे प्रोग्राम मायक्रोसॉफ्ट लिहीत नाही. व्यापाऱ्याची टॅली बंगळुरूची आणि अनेक मराठी वृत्तपत्रे ज्यावर जुळवली गेली ते श्रीलिपी पुण्याचे. बाहेरचे हजारो प्रोग्रामर एखाद्या कंपनीच्या पायावर आपापली घरे बांधतात, तेव्हा त्या पायाची किंमत वाढते. या बाहेरच्या प्रोग्रामरांनाच कंपन्या 'डेव्हलपर कम्युनिटी' म्हणतात. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये त्यांच्यासाठी एमएसडीएन नावाची स्वतंत्र व्यवस्था उभी केली. सन २००० च्या सुमारास कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर व्यासपीठावर घामाघूम होईपर्यंत 'डेव्हलपर्स, डेव्हलपर्स' असा घोष करत होते. ती चित्रफीत जगभर गाजली. लोक हसले, परंतु बाल्मर व्यवहारच सांगत होते.

हाच कित्ता पुढे सर्वांनी गिरवला. ॲपलने २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडले, गुगलने अँड्रॉइड आणले. ज्याच्या फोनवर जास्त ॲप, त्याचा फोन जास्त खपतो. म्हणून प्रोग्रामरांसाठी माहितीची पाने लिहिली जातात, साधने फुकट दिली जातात, मेळावे भरवले जातात. विद्यार्थ्यांना महागडी साधने मोफत मिळावीत म्हणून गिटहबने २०१४ मध्ये खास संच सुरू केला. कॉलेजात ज्या साधनावर हात बसला, तेच साधन मुलगा पुढे नोकरीत मागतो, हे कंपनीला पक्के ठाऊक असते. थोडक्यात, हा दानधर्म नाही. ही गुंतवणूक आहे. गुंतवणूक करणे पाप नाही. परंतु तिला उपकार म्हणू नये आणि आपणही उपकाराच्या ओझ्याखाली वाकू नये.

आता घेण्याची बाजू पाहू. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये 'मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल' हा मान सुरू केला. कंपनीच्या वस्तू वापरताना लोकांना ज्या अडचणी येतात, त्या विनामोबदला सोडवणाऱ्या बाहेरच्या जाणकारांना तो दिला जातो. त्याबरोबर बिल्ला मिळतो, काही सॉफ्टवेअर मोफत मिळते, कंपनीच्या अभियंत्यांशी ओळख होते. पगार मिळत नाही. ग्राहकांची सेवा करायला कंपनीला माणसे नेमावी लागली असती. त्यातले बरेच काम या बिल्ल्यावर भागते. आज बहुतेक बड्या कंपन्यांकडे असे मानाचे बिल्ले आहेत.

दुसरे उदाहरण स्टॅक ओव्हरफ्लोचे. २००८ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी एका प्रोग्रामरने अडचण विचारायची आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, अशी पद्धत. उत्तर देणाऱ्याला गुण मिळतात. जगभरच्या लाखो लोकांनी रात्री जागवून उत्तरे लिहिली. २०२१ मध्ये ही कंपनी १८० कोटी डॉलरला विकली गेली. उत्तरे लिहिणाऱ्यांच्या हाती त्यातला एक डॉलरही पडला नाही. पुढे २०२४ मध्ये हीच उत्तरे यंत्राला शिकवण्यासाठी ओपनएआयशी करार झाला. तेव्हा काहींनी संतापून स्वतःची उत्तरे पुसून टाकायला सुरुवात केली, तर कंपनीने त्यांचीच खाती तात्पुरती बंद केली! आपल्याच शेतात आपल्यालाच बंदी, असा हा प्रकार.

गिटहबचेही तसेच. प्रोग्रामर आपले काम जिथे उघडपणे ठेवतात ते हे कोठार मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ७५० कोटी डॉलरला घेतले. त्या कोठारातल्या उघड्या कामावर शिकवलेला कोपायलट २०२२ मध्ये महिना दहा डॉलरला बाजारात आला. विद्यार्थ्यांना तो मोफत दिला, हेही नमूद केले पाहिजे. परंतु कोठार भरले कोणी आणि कुलूप कोणाचे, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण २०१४ चे आहे. बँकेचा, खरेदीचा, टपालाचा व्यवहार इंटरनेटवर सुरक्षित राहावा म्हणून जगातल्या असंख्य कंपन्या ओपनएसएसएल नावाचे फुकटचे सॉफ्टवेअर वापरत होत्या. त्यात 'हार्टब्लीड' नावाची गंभीर चूक सापडली. चौकशी केली तेव्हा कळले, की या प्रकल्पाला वर्षाकाठी अवघ्या दोनेक हजार डॉलरच्या देणग्या मिळत होत्या आणि तो सांभाळणारे मूठभर लोक होते. अब्जावधींचा धंदा त्यांच्या खांद्यावर उभा आणि त्यांच्या ताटात काय आहे, हे पाहायला कोणाला सवड नव्हती! जग हादरल्यावर मग लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने बड्या कंपन्यांनी एकत्र निधी उभारला. म्हणजे आग लागल्यावर विहीर खणली.

हे सारे वाचताना आपल्या वाचकाला काही आठवते का? सर्व गावाचे काम करायचे, वेळकाळ बघायचा नाही, ठरलेले वेतन मागायचे नाही, खळ्यावर पदरात पडेल ते बलुते घ्यायचे. आणि या सगळ्याला 'मान' म्हणायचे, 'हक्क' म्हणायचे. महार वतनाची हीच तर रीत होती! सरकारचे काम करणाऱ्या माणसाला निश्चित पगार न देता वतनाच्या तुकड्यावर आणि बलुत्यावर राबवून घेतले जाते, म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वतन हा मान आहे असे मानणारे आपल्यातही होते. बाबासाहेबांनी त्या मानाखालची गुलामी उघडी करून दाखवली.

ही तुलना ताणू नये, हेही मी जाणतो. महाराला 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती. नाही म्हटले तर गाव वाळीत टाकत असे. सॉफ्टवेअर फुकट लिहिणारा तरुण स्वखुशीने लिहितो, पुष्कळदा चांगला पगार मिळवून उरलेल्या वेळात लिहितो. त्याला आनंद मिळतो, नाव मिळते, त्या नावावर पुढची नोकरी मिळते. खुल्या सॉफ्टवेअरची चळवळ ही ज्ञान कोणाच्या कुलपात राहू नये म्हणून सुरू झालेली चळवळ आहे. ज्यांना हजारो वर्षे ज्ञान नाकारले गेले, त्यांना तर ती आपली वाटली पाहिजे. परंतु नेमका इथेच खरा पेच आहे. फुकट काम करणे हा ज्याच्यासाठी आनंद आहे तो कोण, आणि ते ज्याला परवडतच नाही तो कोण?

फुकट काम करायला मोकळा वेळ लागतो. मोकळा वेळ ही या देशात पिढ्यान्‌पिढ्या एका वर्गाला वारशाने मिळालेली संपत्ती आहे. जमिनीची नोंद सातबारावर होते, सोन्याची तिजोरीत होते. मोकळ्या वेळाची नोंद कुठेच होत नाही. ज्याच्या घरात आजोबांपासून पदव्या आहेत, स्वतंत्र खोली आहे, स्वतःचा लॅपटॉप आहे, इंग्रजी कानावर पडतच मोठा झाला आहे, तो पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून खुल्या प्रकल्पात काम करतो. त्याच वेळी नांदेड, बुलडाणा किंवा चंद्रपूरच्या कॉलेजातला आपला मुलगा काय करत असतो? वसतिगृहाच्या खोलीत तिघांत एक लॅपटॉप असतो. शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर जमा होत नाही, म्हणून संध्याकाळी दुकानात किंवा शिकवणीवर काम करावे लागते. सुट्टीत गावी जाऊन बापाच्या हाताखाली राबावे लागते. मुलगी असेल तर घरकाम आलेच. शिवाय रविवारी एकटीने पुण्याला मेळाव्याला जाण्याचा प्रश्नही घरात निघतो.

चार वर्षांनी हे दोघेही नोकरीच्या मुलाखतीला बसतात. आता पुष्कळ ठिकाणी गुणपत्रिकेबरोबर विचारले जाते, तुमचे गिटहबचे खाते दाखवा, कोणत्या प्रकल्पात योगदान दिले ते सांगा. एकाचे खाते भरलेले, दुसऱ्याचे रिकामे. पहिल्याला 'मेरिट' म्हणतात! २००६ मध्ये केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांत ओबीसींना आरक्षण देण्याचा निर्णय झाला, तेव्हा गुणवत्तेच्या नावाने रस्त्यावर उतरलेली मंडळी आठवा. खासगी कंपन्यांत तर आरक्षणच नाही. तिथे दार उघडते ते ओळखीने, शिफारशीने आणि अशा भरलेल्या खात्यांनी. म्हणून प्रोग्रामरांच्या कम्युनिटीला कंपनी कशी मदत करते, हा केवळ कंपनीच्या कारभाराचा प्रश्न राहत नाही. तो आपल्या मुलांच्या भाकरीचा प्रश्न होतो. गिटहबच्या २०२४ च्या अहवालानुसार त्यावर भारतातले १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रोग्रामर आहेत. त्यात आपले किती, हे सांगणारा रकाना मात्र कुठेच नाही.

मग मदत करावी तरी कशी? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड महाराजांनी तरुण भीमरावांना टी-शर्ट दिला नव्हता. तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याची लेखी अटही घातली होती. म्हणजे तीही एका अर्थाने गुंतवणूकच. परंतु त्या पैशातून कोलंबिया विद्यापीठात मोकळा वेळ विकत घेता आला. ज्याला वारशाने मोकळा वेळ मिळालेला नाही, त्याला तो पैशाने मिळवून द्यावा लागतो. गुणवत्ता मग आपोआप दिसते. बाबासाहेबांची गुणवत्ता १९१३ मध्ये जन्माला आली नाही. ती होतीच, तिला वाट मिळाली.

सॉफ्टवेअरच्या जगात या वाटेवर काही चांगली पावले पडली आहेत, ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजेत. गुगलने २००५ मध्ये 'समर ऑफ कोड' सुरू केले. विद्यार्थ्याने उन्हाळ्यात एखाद्या खुल्या प्रकल्पात काम करायचे, जुन्या जाणत्याने मार्गदर्शन करायचे आणि गुगलने विद्यार्थ्याला रोख मानधन द्यायचे. पहिल्या वर्षी सुमारे चारशे विद्यार्थ्यांना प्रत्येकी साडेचार हजार डॉलर देऊ केले गेले. आपल्याकडच्या कैक मुलांनी याचा फायदा घेतला. परंतु इथेही एक मेख आहे. २०१६ पर्यंत जगभर एकच मानधन होते. २०१७ पासून ते देशादेशातील महागाई पाहून कमी-जास्त केले गेले. काम तेच, प्रकल्प तोच, परंतु भारतातल्या मुलाला अमेरिकेतल्या मुलापेक्षा कमी! लॅपटॉप काही भारतात निम्म्या किमतीला मिळत नाही.

त्याहून पुढचे पाऊल 'आउटरीची'चे. ग्नोम या खुल्या प्रकल्पाने २००६ मध्ये स्त्रियांसाठी उन्हाळी काम सुरू केले, त्यातून पुढे हा उपक्रम वाढला. कंपन्या पैसे देतात, निवड उपक्रम करतो. तीन महिन्यांच्या कामाचे ७ हजार डॉलर मिळतात आणि देशानुसार कपात नाही. निवडीत असे विचारले जाते, की तुमच्या देशात, तुमच्या शिक्षणात तुम्हाला कोणत्या भेदभावाला तोंड द्यावे लागले? आपल्याकडे नोकरीच्या मुलाखतीत आडनाव विचारून जे हुडकतात ते नाकारण्यासाठी. इथे विचारतात ते दार उघडण्यासाठी. हाच फरक आहे.

पैशाइतकाच नियम महत्त्वाचा. कम्युनिटीत कोणी कोणाशी कसे वागावे, याची आचारसंहिता असते. जगातल्या असंख्य खुल्या प्रकल्पांनी स्वीकारलेली 'कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट' ही आचारसंहिता २०१४ मध्ये तयार झाली. तिच्या २०२१ च्या २.१ या आवृत्तीत वंश, धर्म, लिंग यांच्या जोडीने 'जात' हा शब्द आला. हा एक शब्द लहान नाही. जातीचे नावच घ्यायचे नाही आणि मग जात नाही असे म्हणायचे, ही इथली जुनी चलाखी. ती अमेरिकेतही पोहोचली आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याशी जातीय भेदभाव झाल्याचा दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये दोन अभियंत्यांवरचा दावा विभागाने मागे घेतला, कंपनीवरचा मात्र तेव्हा कायम ठेवला. २०२२ मध्ये गुगलमध्ये थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीविषयीचे व्याख्यान ठरले आणि कर्मचाऱ्यांतल्या विरोधानंतर रद्द झाले. ते ठरवणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. उलट ॲपलने आपल्या कर्मचाऱ्यांच्या नियमावलीत जातीचा स्पष्ट उल्लेख केला. इच्छा असेल तर करता येते, एवढाच याचा अर्थ.

भाषेचेही तेच. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त परवान्यावर खुले केले; देवनागरीलाही त्याचा लाभ झाला. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या केंद्र सरकारच्या पैशावर चाललेल्या प्रकल्पाने खुल्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह भारतीय भाषांत दिले. झेरोधा या भारतीय कंपनीने २०२४ मध्ये खुल्या प्रकल्पांना दरवर्षी १० लाख डॉलर देण्याचा निधी जाहीर केला. ही कामे पिझ्झ्यापेक्षा मोलाची आहेत. कारण पिझ्झा त्याच दिवशी संपतो.

सबब, आपल्या मागण्या साध्या आहेत. एक, कंपन्यांनी विद्यार्थ्यांना काम द्यायचे तर रोख मानधनासह द्यावे. बिल्ला, प्रमाणपत्र आणि 'अनुभव' यांवर बोळवण करू नये. दोन, मेळावे पुण्या-बंगळुरूच्या काचेच्या इमारतींतून बाहेर काढून जिल्ह्याच्या कॉलेजांत न्यावेत, मराठीत घ्यावेत आणि येणाऱ्याला प्रवासखर्च द्यावा. तीन, प्रत्येक आचारसंहितेत जातीचा नावानिशी उल्लेख असावा आणि तक्रार कोणाकडे करायची, तिचा निकाल किती दिवसांत लागेल हे लिहिलेले असावे. चार, मदत कोणापर्यंत पोहोचली याचा हिशेब सामाजिक वर्गवारीसह जाहीर करावा. अमेरिकेत आपल्या कर्मचाऱ्यांत कृष्णवर्णीय किती आणि स्त्रिया किती याचे आकडे ज्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे छापले, त्यांना भारतात जातीचे आकडे छापायला लाज का वाटावी?

परंतु मागण्या करून थांबलो तर आपणही अर्धेच आंबेडकरवादी. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले आणि त्याचे वर्ग सकाळी ठेवले. का? तर दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलाला शिकता यावे म्हणून. ज्याच्यासाठी मदत उभी करायची, त्याच्या घड्याळाप्रमाणे ती उभी केली. कम्युनिटीला मदत कशी करावी याचे याहून चांगले पुस्तक कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीजवळ नाही.

आज हिंजवडीत, बंगळुरूत, अमेरिकेत आपले शेकडो अभियंते आहेत. त्यांतले काही कंपनीच्या रविवारच्या मेळाव्यांत मोफत मार्गदर्शन करतात, छातीवर बिल्ला लावतात. करावे, त्याला ना नाही. परंतु १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला शिकल्या-सवरलेल्यांबद्दल बाबासाहेबांनी जी खंत बोलून दाखवली, ती त्यांनी विसरू नये. त्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षेनंतर त्यांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितले. हाच हिशेब वेळालाही लावून पाहा. महिन्याच्या तीस दिवसांचा विसावा भाग दीड दिवसाचा होतो. एक रविवार आणि एका शनिवारची दुपार. वस्तीतल्या विहारात दोन जुने संगणक, एक इंटरनेटची जोडणी आणि दीड दिवस देणारा एक अभियंता, एवढ्यावर दहा मुलांचे रिकामे खाते भरायला सुरुवात होऊ शकते.

कंपनीची कम्युनिटी कंपनीच्या नफ्यापर्यंत चालेल. आपला समाज त्यानंतरही राहणार आहे. तेव्हा कंपनीकडून दाम वसूल करा आणि समाजाला दीड दिवस द्या!

जय भीम!